तोफांची वाट

सगळी गल्ली तिला शिवणताई म्हणायची. लहानपणच्या तापात पाय गेले, पण हातांनी तिला कधी दगा दिला नाही. जिन्याखालच्या खोलीत हाताने फिरवायचं मशीन, खुंटीला अर्धे शिवलेले गणवेश, आणि खिडकीतून दिसणारा नदीकाठच्या किल्ल्याचा बुरूज. किल्ल्याची आता बाग झाली होती. मापं द्यायला आलेली पोरं बुरुजावरच्या गमती सांगायची. ती तोंडात टाचण्या धरून ऐकायची.

एका रविवारी तिने मशीनवर झाकण ठेवलं. "वहिनी, चल. बुरुजावर जायचंय."

भावजय चपला शोधायला लागली.

किल्ल्याच्या दारावरच्या रखवालदाराने चाकाची खुर्ची पाहून मान हलवली. "बाई, हिरवळीवर बसा. वर नुसत्या पायऱ्या आहेत."

तेवढ्यात तटामागून एक माळी खताची हातगाडी घेऊन उतरला. ताईने खुर्ची तिकडे वळवली. दगडी चढण होती. पूर्वी तोफा इथून वर ओढून नेत, असं पाटीवर लिहिलं होतं.

रखवालदार धावत आला. "ही वाट माळ्यांची आहे!"

"तोफा चढल्या, खत चढतं, मग मीच काय घोडं मारलंय, भाऊ?"

माळ्याने हसू दाबत चढणीचं फाटक सताड उघडलं.

वहिनीने ढकलायला हात पुढे केला. ताई म्हणाली, "हात लावायचा नाही. घसरले तर धर."

चढ खडा होता. दगडांच्या सांध्यात चाक अडकलं. तिने खुर्ची मागे घेऊन पुन्हा रेटली. तळहात सोलवटले. मध्ये दम खात तिने विचारलं, "काय गं, तोफेपेक्षा जड आहे का मी?"

"वजनाने नाही, आवाजाने!"

हसता हसता ताकद आली. शेवटचा रेटा दिला आणि समोर नदी उलगडली. खिडकीतून कधी न दिसलेली, किल्ल्याला कवेत घेऊन वळलेली, उन्हाने लखलखणारी. ताईने दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की कठड्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली. वहिनी डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.

धापा टाकत रखवालदारही वर आला. त्याने नदीकडे पाहिलं आणि माळ्याला हाक मारून म्हणाला, "फाटक उघडंच राहू दे. साहेबांना मी सांगतो."

साहेबांनीही हरकत घेतली नाही. आता त्या वाटेने बाबागाड्या चढतात, काठी टेकत आजोबा चढतात. आणि ताई दर रविवारी सगळ्यांच्या पुढे असते.