नालवाडीतला अर्चनाचा कारखाना

मी जर्मनीला जायला निघाले त्या दुपारी वर्धा स्टेशनवर आईपेक्षा अर्चनाच जास्त बोलत होती. बॅगा डब्यात तिनेच चढवल्या, खिडकीशी बसलेल्या बाईंना सरकायला लावलं आणि खाली उतरून गजांमधून म्हणाली, "रडून काऊन राह्यली? काकूले मी पाह्यतो. तू जाय बिनधास्त." आईने आत हात घालून माझी ओढणी सारखी केली. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच होतो. आता नालवाडीच्या घरात ती एकटी उरणार होती.

अर्चना माझी पहिलीपासूनची मैत्रीण. एकाच सायकलवर शाळेत जायचो, चालवायची ती. मी नर्सिंगला गेले, तिचं लग्न वर्ध्यातल्या एका कापड दुकानदाराच्या घरात झालं. दुकानामागच्या खोलीत मशीन टाकून ती सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या पोरापोरींचे पांढरे एप्रन शिवायला लागली. मग ऑपरेशन थिएटरात घालतात ते हिरवे-निळे स्क्रब.

इथे जर्मनीत हॉस्पिटलच्या वॉर्डाला स्टेशन म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात माझ्या स्टेशनवर मी पेशंटची नावं चुकीची उच्चारत हिंडत होते, तेव्हाच अर्चनाला नागपूरच्या एका हॉस्पिटलची मोठी ऑर्डर मिळाली. आणि पहिल्याच धुण्यात रंग सुटला. सोबतच्या चादरीसुद्धा हिरव्या झाल्या.

तिचा फोन आला तेव्हा मी कँटीनमध्ये होते. तिचा आवाज कापरा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"सारा माल वापस आणतो म्हणलं त्याईले. सासरे म्हणून राह्यले, बंद कर आता. दुकानाचं नाव खराब झालं."

"मग?"

"मग काय? रंग काऊन गेला, ते तं पाहू दे आधी."

आणि तिने पाहिलं. मिळेल त्या व्यापाऱ्याकडून कापडाचे तुकडे आणून ती ते उकळायची, पिळायची, गच्चीवर वाळवायची, पुन्हा उकळायची. व्हिडिओ कॉलवर मागे दोऱ्यांवर हिरव्या-निळ्या चिंध्या फडफडत असायच्या. त्यातून पास झालेल्या कापडाचा एक जोड तिने मलाही पाठवला. "तुमच्या तिकडच्या मशीनमंधी धुवून पाह्य." मी तो तळघरातल्या मशीनमध्ये कडकडीत गरम पाण्यात धुतला आणि शिफ्टला घातला. रंग टिकला. पण पेशंटला उचलताना वाकलं की खिशातला पेन पडायचा. तेवढं कळवलं, तर पुढच्या जोडाला पेनासाठी वेगळा कप्पा शिवून आला.

मग ती त्याच हॉस्पिटलच्या धुलाई विभागात जाऊन बसली. समोर उकळत्या पाण्यात कपडे टाकायला लावले. पाणी स्वच्छ राहिलं. ऑर्डर परत मिळाली, त्यामागून दुसऱ्या शहरांच्याही आल्या. आज नालवाडीत तिचा स्वतःचा कारखाना आहे. माल रायपूर, हैदराबादपर्यंत जातो. 'बंद कर' म्हणणारे सासरे आलेल्या पाहुण्यांना तो हौसेने फिरवून दाखवतात.

गेल्या हिवाळ्यात मी आईला सोबत न्यायचं ठरवूनच घरी गेले. न कळवता गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "अर्चनाकडे असंन. रोजच जाते."

मशीनच्या रांगांमध्ये आई चष्मा नाकावर ओढून शिवण तपासत होती. एक तिरकी शिवण सापडली, तर शिवणाऱ्या मुलीला चांगलं सुनावलंही.

अर्चना पुढे आली. "काकू आमची चेकिंग इनचार्ज हाय. तिनं नाई म्हटलं का माल जात नाई."

मी आईजवळ गेले. "आई, चल न माझ्यासोबत. तिकडे दोघी राहू."

मला पाहून ती हरखली, गालावरून हात फिरवला. आणि लगेच पुढचा कुर्ता उचलला. "आता कुठी येऊ? हैदराबादचा माल निघून राह्यला. उन्हाळ्यात पाहू."

अर्चना खो खो हसली. मग मीही.

घर म्हणजे आपली वाट पाहणारी जागा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आपण बाहेर पडलेले बहुतेक जण तसंच धरून चालतो. माझ्या घरी मात्र आता कुणाला वाट पाहायला फुरसत नाही. परदेशात मला शांत झोप लागते, ती म्हणूनच.