निंबाखालचा नारळ

आमची पंचफुला साठ साली युगांडाहून परत आली ती एकटीच. ओट्यावर पत्र्याची पेटी टेकवली आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, बा घरी हाय का?"

"दारव्ह्याच्या बाजाराले गेले. येतीनच आता."

तिच्या जिवात जीव आल्यासारखं दिसलं. मी तिची भावजय. नणंद पेटी घेऊन आली की भावजयीच्या कपाळाला आठी पडतेच, माझ्याही पडली, खोटं कशाला सांगू? तिचा नवरा मारोती दारव्ह्याला कापसाच्या जीनमध्ये फिटर होता. एका शेठनं त्याला युगांडातल्या जीनवर नेलं, त्यानं पंचावन्न साली हिलाही बोलावून घेतलं. साऱ्या बोरी गावात तेव्हा आमची मान ताठ होती.

पाणी दिलं तर ती उंबऱ्याबाहेरच प्याली. मारोतीनं तिकडं दुसरी बाई घरात आणली आणि हिला बोटीत बसवून दिलं, एवढं सांगायला तिला तांब्याभर पाणी लागलं.

"बाले हे सांगू नका. जावई हंगाम सरल्यावर येतीन म्हणा."

तिची भीती मला ठाऊक होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती मार खाऊन माहेरी पळून आली होती. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या बानं, उकंडाबुवांनी तिला भाकरसुद्धा खाऊ दिली नाही, आल्या पावली परत नेऊन सोडलं. 'दिल्या घरी सुखी राहा' एवढंच बोलले. उकंडाबुवा एकदा बोलले की बोलले. आता हिला ते कुठं नेऊन सोडणार?

"मरीआई तिथंच हाय ना, निंबाखाली?" तिनं मधेच विचारलं.

"हाय ना. धोंडा जातो कुठं?" असं म्हणून मी चुलीकडं वळले.

पीठ मळता मळता डोक्यात उजेड पडला. बाहेर आले तर पेटी उघडी, पंचफुला नाही. छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन बौद्ध झालो, ते हिला ठाऊकच नव्हतं. पत्र टाकलं होतं आम्ही, पण हिला अक्षर येत नव्हतं आणि मारोतीनं ते वाचून दाखवलं नसणार. घरातले देव सासऱ्यांनीच टोपल्यात भरून अडाण नदीत सोडले होते. जो पुन्हा मरीआईपुढं जाईल त्याच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही, हेही भर बैठकीत त्यांनीच बोलून ठेवलेलं. आणि आता त्यांचीच लेक तिथं गेली होती. मी पिठाच्या हातानंच धावले.

दारव्ह्याची वाट निंबावरूनच येते. पंचफुला धोंड्यापुढं हिरवा खण पसरून बसली होती, हातात नारळ. तिच्या मागं सासरे उभे होते, खांद्यावर बाजाराची पिशवी. किती वेळ उभे होते कोण जाणे. तिनं मान वळवली आणि नारळ पदराखाली लपवला.

"मारोती कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं, हंगामाचं सांगायला. पण तीच बोलली. "त्यानं टाकलं मले, बा."

मला वाटलं, झालं, आता वाटेला लावतात. सासऱ्यांनी खाली वाकून तिच्या पदरातून नारळ काढून घेतला.

"काय मांगितलं व्हतं इले?"

"तू घरात घेशील म्हणून."

त्यांचा हात तसाच राहिला. मग नारळ त्यांनी पिशवीत कांद्यांवर टाकला, खणाची घडी केली आणि तीही आत ठेवली.

"त्याच्यासाठी इच्यापाशी कायले आली?" ते म्हणाले. "मले मांगायचं."

पंचफुला तिथंच रडायला लागली. सासऱ्यांनी मला म्हटलं, "पोरीले भाकर वाढ आधी." पहिल्या वेळची भाकर त्यांच्याही ध्यानात होती तर.

नारळाची मी चटणी केली. तिघांनी खाल्ली.