‘मगा’ म्हणायचं नाही

रानातलं पाडस उचलून घरी आणायचं, दूध पाजायचं, गळ्यात घुंगरू बांधायचं, याला तुम्ही माया म्हणता?

पिंजऱ्यांच्या विरोधात पत्रक काढायचं म्हणून मी शुक्रवार पेठेतून सायकल हाणत सोलापूरच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. तिथल्या दवाखान्यात टेबलावर काळविटाचं पाडस मान टाकून पडलेलं. अक्कलकोटकडच्या एका शेतकऱ्याला ते ज्वारी काढताना सापडलं होतं. गाईच्या दुधानं हगवण लागली, तेव्हा तो घाबरून घेऊन आला होता.

“आई मेली असंल म्हणून उचललं, डॉक्टरबाई. पोरावानी सांभाळलंय की.”

“आई मेली नव्हती, दादा. लेकरू ज्वारीत दडवून चरायला गेली होती. हरणी तसंच करतात.”



पाडस बाटलीला तोंड लावेना. औषधाचं पाणी पोटात गेलं नाही तर ते जगणार नव्हतं, आणि बळजबरीनं ओतलं तर ठसका लागून छातीत जाणार. बाईंनी बाटली खाली ठेवली. “घरी हाक कशी मारता याला?”

“मगा. आमच्या कन्नडात लेकाला म्हणत्यात. ‘बा मगा, बा’, म्हंजी ये लेकरा, ये.”

बाई मूळच्या वेळापूरच्या. कन्नडचा गंध नाही. तरी वाकून म्हणाल्या, “बा मगा, बा.”

“बाई, बोलावताय का दम देताय?” शेतकऱ्याला त्यातही हसू आलं. “जरा लाडानं की!”

बाईंनी लाडानं म्हटलं. परत म्हटलं. पाडसाचा कान हलला. मग ओठ. थेंब थेंब करत ते पाणी प्यायलं.

ते चार पायांवर उभं राहिलं, तेव्हा बाईंनी सगळ्यांना बजावलं, “आजपासून हितं कुणी मगा म्हणायचं न्हाय. त्याला हरणांत राहायचंय.”

नंतर मी पुष्कळदा गेलो. बाई दिसल्या की ते कळप सोडून जाळीशी यायचं, नाक लावून उभं राहायचं. बाई दुसऱ्या हरणाचा खूर तपासत बसायच्या, मान वर करायच्या नाहीत. जिनं त्या हाकेवर त्याला जगवलं, तिनंच ती हाक गिळून टाकली होती. एके दिवशी ते जाळीशी आलंच नाही. बाईंनी तेव्हा मान वर केली आणि त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं.

पिंजऱ्यांशी माझं भांडण मिटलेलं नाही. पण पत्रक निघालं ते हे. ज्वारी काढताना पाडस दिसलं, तर हात लावू नका. तेवढा तुकडा उभा ठेवा, कुत्री बांधा आणि लांब व्हा. जखमी असेल, तरच वनखात्याला कळवा.