आठ ओळी खाली सुटलेला टाका

मावशींनी तीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली. त्या खिडकीचं भोकच असं, की एका वेळी एकच शब्द बाहेर पडावा. ‘गेली.’ ‘पाचवर.’ ‘पलीकडे.’ निवृत्त होताना त्यांनी खिडकी तिथेच ठेवली, पण भोक मात्र घरी घेऊन आल्या, असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं.

विणकामात मात्र त्यांचा हात असा, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. त्यामुळे मोबाइलवरच्या विणकामाच्या ग्रुपमध्ये मावशींचा शब्द अखेरचा. कुणा नवशिक्याची कड वाकडी झालेली असो की बाही गुडघ्यापर्यंत आलेली असो, मावशींचं उत्तर ठरलेलं: ‘उसवा.’ त्यांची एक चेलीही तयार झाली होती. मावशी आंघोळीला गेल्या, की ती त्यांच्या वतीने ‘उसवा’ लिहून मोकळी व्हायची.

मंगळवारी दुपारी एका ट्रक ड्रायव्हरने फोटो टाकला. अर्धवट विणलेली पिवळी टोपी. मधला एक टाका सुटून आठ ओळी खाली घसरलेला आणि वर नुसत्या आडव्या धाग्यांची शिडी.

‘उसवा,’ मावशींनी लिहिलं आणि चहाचा कप उचलला.

उत्तर आलं. ‘मावशी, तुम्ही सांगितलंत म्हणून दोनदा उसवली. ही तिसरी वेळ. मुलगी वेळेआधी झाली, दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. शुक्रवारी घरी सोडणार आहेत. मी गाडी उभी असते तेव्हाच विणतो. टोपी आहे तिथेच आहे आणि डोकं रोज वाढतंय. माझ्याच्याने होत नाही, सोडून देतो. तुमचा वेळ घेतला.’

मावशींनी जुने संदेश चाळले. खरंच की! दोन्ही प्रश्नांखाली त्यांचं ‘उसवा’, आणि त्याखाली लोकांनी दिलेले चौतीस अंगठे. ते अंगठे बघून त्या दोन दिवस मिरवल्या होत्या.

‘अहो, ह्याला मी दोनदा पलीकडच्या खिडकीवर पाठवलं.’

‘आणि पलीकडे खिडकी आहे?’ यजमानांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

‘नाही ना!’ मावशींनी कप आदळला. ‘ह्याची टोपी झाल्याशिवाय मी आता उठत नाही.’

त्यांनी लिहिलं, ‘सोडायचं नाही. जवळ काय आहे? क्रोशाची सुई?’

‘नाही. पाने आहेत, जॅक आहे, बायकोचा केसांचा आकडा आहे.’

‘आकडा बास. जॅक ठेवा.’

मग त्या समजावून सांगायला बसल्या. पाच ओळी लिहिल्या, वाचल्या, पुसल्या. त्यांच्या स्वतःच्याच डोक्यावरून गेल्या होत्या. त्या तडक उठल्या आणि कपाटातून राखाडी शाल काढली. आठ महिन्यांचं काम. रविवारी प्रदर्शनात जायची होती, शेवटची ओळ तेवढी सुईवर होती.

‘अगं, अगं!’ यजमान ओरडले. ह्या शालीपायी आठ महिने त्यांनी मुकाट्याने गार चहा प्यायला होता.

मावशींनी मधोमधचा एक टाका सुईवरून सोडला आणि ओढत आठ ओळी खाली नेला.

‘बघत काय बसलात? फोटो काढा.’

पहिल्या तीन फोटोंत यजमानांचा अंगठाच आला. पुढचे बरे निघाले: आकड्याने खालचा फास धरा, वरचा आडवा धागा त्यातून ओढून घ्या, एक ओळ वर चढलात.

‘एवढं करण्यापेक्षा उसवणंच बरं, नाही का मावशी?’ चेलीने मध्येच विचारलं.

‘तू गप गं जरा. ड्रायव्हरसाहेब, किती चढलात?’

‘तीन.’ थोड्या वेळाने, ‘पाच. आकडा सीटखाली पडला.’

‘शोधा.’

‘सापडला. सहा... सात... मावशी, आठ! सुईवर आला!’

मावशींनी स्वतःचा टाकाही वर आणला. शालीवर एक बारीकशी रेघ राहिली. यजमानांनी चष्मा लावून शोधली, त्यांना काही दिसली नाही. मावशींना दिसत होती. तशीच त्यांनी शेवटची ओळ बंद केली.

शुक्रवारी फोटो आला. घरचं पांघरूण, मुठीएवढं बाळ आणि नाकापर्यंत उतरलेली पिवळी टोपी.

‘फारच मोठी झाली,’ चेलीने लगेच लिहिलं. ‘उसवा.’

मावशींनी फोटो मोठा करून पाहिला. टाका जरा तिरका होता, पण जागेवर होता.

‘खबरदार कोणी उसवा म्हणाल तर,’ त्यांनी लिहिलं. ‘डोकं वाढेल.’