नालनाक्यांचं कपाट

दादा आता वटवाघळासारखे आंधळे झालेत, असं संग्रहालयाच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं आणि ते नेमकं दादांच्या कानावर पडलं. दादा भडकले, पण स्वतःसाठी नाही. वटवाघूळ मुळीच आंधळं नसतं, हे त्या बिचाऱ्याला चहा पार गार होईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

ती त्याच संग्रहालयात चित्रं काढायची. वटवाघळांची नाकं, कान, दात, सगळं भिंगाखाली धरून. दादा तिथलेच संशोधक, आणि वटवाघळांची ती लांब खोली त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी लावलेली. डाव्या भिंतीला मोठी, फळं खाणारी, डोळ्यांनी वाट शोधणारी वटवाघळं. उजव्या भिंतीला छोटी, अंधारात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर किडे टिपणारी. त्या काळी सगळेच अशी दोन घराणी मानायचे. ती ज्यांत जपून ठेवलेली त्या बरण्या मात्र सगळ्या सारख्या, एका मापाच्या, स्पिरिटने काठोकाठ भरलेल्या.

मग मधुमेहाने डाव साधला. आधी डोळे नेले, मागाहून बोटांची जाणीव. तिने बरण्यांच्या गळ्यात गाठी मारलेले दोरे बांधून पाहिले, उठावाची अक्षरं चिकटवून पाहिली. बोटांना काही म्हणजे काही कळेना. पण खांद्याला आणि कोपराला ती खोली पाठ होती. कुणी एखादं नाव घेतलं की दादा सरळ चालत जात, हात लांब करत आणि तीच बरणी काढून देत. घरी या माणसाला स्वतःचा सदरा सापडत नव्हता. नवीन काही लक्षात ठेवायला गेले की आधी चिडत आणि मग रडत. त्या खोलीत मात्र ते दादा होते. तेवढ्यावर ते जगत होते, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नव्या प्रमुखबाई दादांच्याच विद्यार्थिनी. मनाने चांगल्या, पण एकदा काम हातात घेतलं की तडीस नेणाऱ्या. त्यांनी अनेक वर्षं रखडलेलं काम काढलं. नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेल्या छोट्या वटवाघळांना त्या खोलीत सगळे नालनाक्या म्हणत. जनुकं तपासल्यावर कळलं होतं, की या नालनाक्या आवाज सोडून ऐकणाऱ्या असल्या तरी त्यांचं जवळचं नातं इतर छोट्यांशी नाही, मोठ्या फळखाऊंशी आहे. शेजार एकीकडे आणि भावकी दुसरीकडे, असला प्रकार. म्हणजे नालनाक्यांनी आपल्या गोतावळ्यासकट डाव्या भिंतीला जायचं, आणि त्यांच्या पायी बाकी सगळ्यांनी सरकायचं. दादांना हे कधीच पटलं होतं. दिसण्यावर जाऊ नका, मी गेलो आणि फसलो, असं ते व्याख्यानात हसत सांगायचे. फक्त बरण्या तेवढ्या जागच्या हलल्या नव्हत्या.

त्या हलवायचं काम नेमकं दादांच्या बायकोकडे आलं. सुट्टीत संग्रहालय बंद असताना ती खोलीत एकटीच एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत फिरत राहिली. शेवटी तिने कपाटांच्या दारांवर नव्या पाट्या लावल्या, अगदी सुरेख अक्षरात, आणि आतली एकही बरणी हलवली नाही. प्रमुखबाईंना सांगितलं, झालं. दादांना सांगितलं, लांबणीवर पडलं. दादांना पाट्या दिसत नव्हत्या आणि मागेल त्याला बरणी दादाच काढून देत, त्यामुळे कपाटं दुसरं कुणी उघडत नव्हतं. झाकली मूठ राहिली. पण तिची झोप उडाली ती उडालीच.

एके दिवशी ती दादांना घेऊन दवाखान्यात गेली असताना बाहेरगावचा एक संशोधक आला. त्याने पाटी वाचून नालनाक्यांचं कपाट उघडलं, तर आत फळखाऊ. प्रमुखबाईंनी शेजारची कपाटं उघडली, तर तिथेही पाटी एक आणि माल भलताच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना खोलीत बोलावलं. बोलताना त्यांची मान खाली होती. बरण्या परत ठेवताना बहुतेक दादांकडून सरमिसळ झाली असावी, यात कुणाचा दोष नाही, पण यापुढे त्यांनी बरण्यांना हात लावू नये, असं त्या चाचरत म्हणाल्या.

दादा वाद घालतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी नुसता उजवा हात वर केला, हवेतच थोडा फिरवला आणि खाली घेतला.

"झालं असेल माझ्याकडून," ते म्हणाले. "हातही गेले म्हणायचे आता."

तिला ते सोसवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. प्रमुखबाई बाहेर गेल्या. दादा तिच्या आवाजाच्या दिशेने वळले.

"माझ्या खोलीत तू चूक ठेवलीस?"

"तुमच्यासाठी ठेवली, अहो. दुसरं काय करणार होते मी?"

"मला माहितीये गं," ते म्हणाले. "चल, मला पहिली बरणी दे. ही मीच लावली होती, मीच हलवणार."

मग ते काम कित्येक दिवस चाललं. ती बरणीवरची चिठ्ठी वाचायची, दादा नाव उच्चारायचे, बरणी छातीशी धरून खोली ओलांडायचे आणि ती सांगेल तिथे ठेवायचे. दादा इतक्या सावकाश ठेवत, की ते नवी जागा पाठ करताहेत असं तिला वाटू लागलं. तिच्या मनाने वेडी आशा धरली. जमेल, या माणसाला जमेलही, असं ती स्वतःला बजावत राहिली.

शेवटची बरणी ठेवून झाल्यावर ती धीर करून म्हणाली, "आता लांब कानांची ती छोटी नालनाकी द्या बघू मला."

दादा वळले, त्यांनी हात लांब केला. हात उजवीकडे गेला, थबकला, डावीकडे आला आणि कपाटाच्या दारावर आपटला. बोटांना ते दार आहे की बरणी, हेही समजलं नाही. तिला हुंदका आला आणि तो त्यांनी ऐकला.

"सगळ्या बरोबर जागी आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग झालं तर," दादा म्हणाले. "चल घरी. उद्यापासून तू एकटीच येत जा."