मालेगावचा पोलंडतज्ज्ञ

तीस वर्षं बातमीदारी केली की माणसाकडे दोन गोष्टी साचतात. ॲसिडिटी आणि किस्से. ॲसिडिटीवर गोळी मिळते, किश्शांवर अजून निघालेली नाही. आमचा अड्डा वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावात, स्टँडजवळ, रफिकभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात. तिथे बाकीचे किस्से सगळ्यांचे. पोलंडचे मात्र फक्त माझे!

* * *

महायुद्धात पोलंडच्या निर्वासित बायका-मुलांची छावणी आपल्या कोल्हापूरजवळ होती, हे कुठेतरी वाचलं आणि मी पेटलोच. पोलंडच्या लोकांनी काय काय सोसलं यावर मालिकाच लिहायची! पहिला लेख घेऊन गेलो. संपादक म्हणाले, "यात वाशिम कुठंय?"

मी भडकलो. "साहेब, तीन शेजाऱ्यांनी मिळून अख्खा देश वाटून खाल्ला! सव्वाशे वर्षं तो नकाशावर नव्हता!"

"आपला जिल्हा अकोल्यातून कापला, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

तेव्हा मी पेढे वाटले होते.

* * *

तोच लेख दुकानात वाचून दाखवला. देविदास, आमचा रिटायर्ड कंडक्टर, डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, गहिवरला.

"भाऊ, आमचं गाव धरणात गेलं," तो म्हणाला. "त्याच्यानंतरबी कितीक दिवस माह्या मशिनीतून त्या गावाचं तिकीट निंघे! तुमच्या पोलंडले लोक होते, नकाशा नोता. आमचा नकाशा हाये, गाव नाही. लिहा मंग!"

मी लिहिलं नाही. मालिका पोलंडवर होती ना!

* * *

पुढचा लेख कम्युनिस्ट राजवटीवर. मटणासाठी, साखरेसाठी तासन्‌तास रांगा, तेही बर्फात! माझा आवाज अगदी चढला होता.

रफिकभाईंनी तोंडातला दोरा तोडला. "रांगेत भांडणं होत होते का?"

"होतच असतील."

"मंग आपलेच लोक हायेत ते!"

आणि पुन्हा मशीन सुरू.

* * *

मग रफिकभाईंच्या इरफानला खरंच पोलंडमध्ये नोकरी लागली. गोदामात. भाभींचा जीव टांगणीला लागला. रफिकभाई मला घरी घेऊन गेले. "तुमी तिथलं सारं जाणता. जरा समजावून सांगा तिले."

मी समजावलं. महायुद्ध तिथूनच पेटलं, राजधानीची कशी राख झाली, लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून कुठच्या कुठे कशी नेली. आत्ता शेजारी युक्रेनमध्ये लढाई सुरू आहे, तेही सांगितलं. माहिती अपुरी राहायला नको!

भाभी रडायलाच लागल्या.

"भाऊ," रफिकभाई ओरडले, "पोरगं नोकरीले चाललं, लढाईले नाही!"

भाभींनी पदरानं डोळे पुसले. "ते सारं राहू द्या. तिथं माह्या इरफानले जेवू कोन घालीन, तेवढं सांगा."

सगळी मालिका डोक्यात उलटीसुलटी चाळली. तेवढं सोडून सगळं होतं!

* * *

इरफान गेला. परवा दुकानात त्याचा व्हिडिओ कॉल आला. भाभी डबा घेऊन आल्याच होत्या, त्यांनी मोबाईल हिसकावला. पडद्यावर इरफान, आणि मागे रुमाल बांधलेली एक म्हातारी.

"अम्मी, ह्या घरमालकीण आजी. युक्रेनच्या लढाईतून पळून आलेल्या एका बाईले न तिच्या लेकराले आजीनं याच खोलीत ठेवलं होतं. ते गेले, मंग मले देली. खोली तशी आजीच्या पोराची हाये, तो तिकडं इंग्लंडमंदी ट्रक चालवते. हे पाह्य, बीटचं सूप. इथलं मटण हलाल नसते, म्हणून माह्यासाठी त्यात नाही टाकत."

त्यानं कानटोपी घातली नव्हती म्हणून म्हातारीनं त्याला फटका मारला. भाभी पहिल्यांदा हसल्या.

मला राहवेना. मी मध्ये डोकं घातलं. "इरफान, आजींना सांग, मी पत्रकार आहे. त्यांच्या देशाचा सगळा इतिहास मला ठाऊक आहे!"

त्यानं सांगितलं. म्हातारी चष्मा पुसून पडद्याजवळ आली आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

"काका, आजी म्हणते, याले एवढं सारं माहीत हाये, त इचार, माहा पोरगा घरी कधी येईन?"

मोबाईलमध्ये आजी आणि मोबाईलबाहेर भाभी, दोघी माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.