मुखेडला चाललो गं!

भंगारवाल्याला दारातून हाकलणारी माणसं मराठवाड्यात पुष्कळ असतील. पण भंगारवाल्याच्याच गाड्यावरून काहीतरी उचलून घरात आणणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लातूरला त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटरचा जमाना संपला तेव्हा त्यांनी गावोगावच्या लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर गोळा केले आणि ज्या गावचा कॉम्प्युटर त्याच गावचं नाव त्याला ठेवलं. मुरुडवर लग्नपत्रिका होत, मुखेडवर शिकवणीवर्गांच्या प्रश्नपत्रिका. हिमायतनगरला इंटरनेट चाले आणि उदगीर छपाईपुरता जिवंत होता. प्रत्येकाला एकच काम येई आणि दुसरं शिकवायला साडूंची तयारी नसे. "म्हाताऱ्या माणसाला नवं काम सांगू न्हाई, साडूभाऊ. पाप लागतं."

हे चौघे टेबलाखाली बसत. वर मात्र दोनच पडदे, दोनच कीबोर्ड आणि मधोमध एक काळी डबी. डबीवरचं बटण दाबलं की आपला पडदा हव्या त्या गावी जाई. विकणारा तिला केव्हीएम स्विच म्हणाला होता. साडूंच्या लेखी ती डबीच. एक खुर्ची साडूंची, दुसरी अक्कांची. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आमच्या सासूबाईंचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं, आणि आई गेल्यावर त्या बोलायच्याच थांबल्या. स्वयंपाक वेळेवर, पूजा वेळेवर, तोंडातून शब्द म्हणून नाही. आम्ही नांदेडहून फोन केला की पलीकडून एक "हं" येई, आणि माझी बायको फोन ठेवून डोळे पुसत बसे. अशा बाईला साडूंनी दुकानात आणून टायपिंगला बसवलं. मला भयंकर राग आला. बायको दुःखात बुडालेली, आणि ह्या गृहस्थाला तिच्यात फुकटचा टायपिस्ट दिसला!

डबीत एक खोट होती. दोघं एकाच गावी पोचले तरी ती कुणाला अडवत नसे; दोघांची अक्षरं एकाच कागदावर उमटत. म्हणून बटण दाबण्याआधी ओरडून सांगायचं, असा साडूंचा नियम. ते पहिल्या दिवसापासून ओरडत: "मुरुडला चाललो गं! तू कुठं हाईस?" अक्का उत्तर देत नसत. त्या मुकाट्याने बटण दाबत, कधी कधी चुकीच्या गावचंही. त्यात दोघांचे हात टाइपरायटरवर तयार झालेले, म्हणजे नजर शेजारच्या कागदावर, पडद्याकडे बघणं कमीपणाचं. व्हायचं ते झालंच. एका वर्गाचे सर संतापाने लाल होऊन प्रश्नपत्रिका नाचवत दुकानात शिरले. मी त्या दिवशी तिथेच चहा पीत होतो. जीवशास्त्राचा प्रश्न होता: झाडाला अन्न तयार करण्यासाठी खालीलपैकी काय लागते? आणि चौथा पर्याय होता, 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.'

"अर्ध्या वर्गानं हेच उत्तर लिवलंय, सायेब!" सर कडाडले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "झाड उन्हाला म्हणलं आसल." आम्ही सगळे वळलो. अक्का बोलल्या होत्या. सर हसू लागले, मी हसलो, चहा माझ्या शर्टावर सांडला. साडू तेवढे हसले नाहीत. ते आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्यानंतर त्या दुकानात बसण्याची मजा काय सांगू! नुसता एसटी स्टँड. "मुखेडला चाललो गं!" "थांबा, मी हाय तिथं." "कवा निघणार?" "सकाळपासून तुमचाच मुक्काम व्हता, आता मला बसू द्या की जरा!" एकदा पत्रिका न्यायला आलेले एक पाहुणे पिशवी सावरून उठले आणि म्हणाले, "मला बी मुखेडलाच जायचंय. गाडीत जागा हाय का?" नांदेडहून मी निमित्त काढून लातूरला जाऊ लागलो ते ह्या भांडणांसाठी.

एकदा मात्र मी अतिशहाणपणा केला. मुलीने नवा घेतल्यामुळे रिकामा पडलेला चांगला कॉम्प्युटर एसटीत घालून त्यांच्याकडे नेला. म्हटलं, अक्कांना स्वतंत्र होईल, रोजची कटकट मिटेल. आयुष्यात कधी कुणाच्या जुन्या वस्तूला 'नाही' न म्हणालेल्या माणसाने विचारलं, "ह्याच्यावर समदी कामं व्हत्यात?"

"सगळी."

"मग नको, साडूभाऊ. माघारी न्या." मला स्टँडवर सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "हिला एकटीला समदं करता आलं, तर ही मला कशाला काय इचारील? आत्ता बटणासाठी का व्हईना, तोंड तर उघडून राहिली." तो कॉम्प्युटर मांडीवर घेऊन मी परत निघालो. अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो, पण दिसत काहीच नव्हतं.

आता ते दुकान नाही. पत्रिका मोबाइलवर येतात आणि परीक्षा पडद्यावरच होतात. तिथली ती ओरडाआरड आठवली की मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा लातूरला गेलो तेव्हा साडू बाजारात गेले होते आणि अक्का ओट्यावर मेथी निवडत होत्या. राहवलं नाही, मी त्यांना स्टँडवरचं ते बोलणं सांगून टाकलं.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. घशातून शब्दच निघत नव्हता, भाऊजी. अन् हा माणूस रोज कोरड्या घशानं इचारून राहिला, कुठं हाईस, कुठं हाईस." त्यांनी मेथीची आणखी एक काडी खुडली. "मग वाटलं, आई तर गेली, ती काय आता हाक मारायची न्हाई. पण ह्यो मारून राहिलाय की. ह्याला तरी 'ओ' द्यावी."